स्त्रीबीजाचे कवच

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मूल होत नसलेल्या बाईविषयी बोलताना आपल्याकडे शेतीची भाषा सहज तोंडी येते. बी चांगले होते, जमीनच नापीक निघाली, असे म्हटले जाते. पुरुषाने पेरायचे आणि स्त्रीने पिकवायचे, अशी ही जुनी वाटणी आहे. या वाटणीत पेरणाऱ्याचा दोष कधी निघत नाही. जो काही दोष असेल तो जमिनीच्या पदरी पडतो. ‘वांझ’ हा शब्द आपण बाईला लावतो, गाईला लावतो, एखाद्या झाडालाही लावतो. पुरुषाला लावलेला मी अजून ऐकलेला नाही.

ही वाटणी चुकीची आहे, हे सांगण्यासाठी हा लेख. त्यासाठी मी एका अगदी लहान वस्तूची साक्ष काढणार आहे. ती वस्तू म्हणजे स्त्रीबीजाभोवतीचे कवच.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी आणि समाजशास्त्र हे माझे विषय. तेव्हा हिला या विषयात डोके घालण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे ‘कॉलेजात शिकतेस ना, मग सांग बरं’ असे म्हणून वस्तीवरच्या बायका मला पुष्कळ गोष्टी विचारतात. हुंड्याविषयी विचारतात, रेशनकार्डाविषयी विचारतात, आणि दबक्या आवाजात मूल होण्या-न होण्याविषयीही विचारतात. त्यांना उत्तर देता यावे म्हणून मी प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी पुस्तके दिली आणि प्रयोगशाळेतील एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावून दाखवली. ती सशाच्या मादीच्या अंडाशयाची होती. जांभळट पेशींच्या गर्दीत एक मोठा गोल आणि त्याभोवती कोणी रेखून काढावे तसे गुलाबी कडे. ते कडे म्हणजेच हे कवच. शास्त्रज्ञ त्याला ‘झोना पेल्युसिडा’ म्हणतात. त्याचा अर्थ पारदर्शक पट्टा.

स्त्रीलाही बीज असते

स्त्रीला स्वतःचे बीज असते ही गोष्ट जगालाही उशिराच कळली. पुरुषाच्या वीर्यातील वळवळणारे शुक्रजंतू हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिले. पुढे १६९४ मध्ये हार्टसूकर नावाच्या शास्त्रज्ञाने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्र काढले. सगळे मूल पुरुषाकडूनच येते, स्त्रीने ते नुसते वाढवायचे, असा त्याचा अर्थ. म्हणजे बी आणि जमीन हा समज केवळ आपल्या खेड्यांचा नाही. युरोपातील शिकलेल्या माणसांचाही होता. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रत्यक्ष दिसले ते १८२७ साली. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने ते एका कुत्रीच्या अंडाशयात पाहिले. शुक्रजंतू दिसल्यानंतर स्त्रीबीज दिसायला दीडशे वर्षे जावी लागली.

मानवी स्त्रीबीज मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे असते. छापील मजकुरातील पूर्णविरामापेक्षाही ते लहान, तरी शरीरातील मोठ्यात मोठ्या पेशींपैकी एक. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लाख उरतात आणि साऱ्या आयुष्यात त्यांतील चारशे ते पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात.

बीज वाढू लागले की त्याभोवती कवच तयार होऊ लागते. हे कवच मुख्यतः बीज स्वतःच विणते. त्याची जाडी मिलिमीटरच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढी. ते प्रथिनांच्या धाग्यांचे जाळे असते आणि त्या प्रथिनांना साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. माणसात ही प्रथिने चार आहेत. त्यांची नावे झेडपी-१, झेडपी-२, झेडपी-३ आणि झेडपी-४. झेडपी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा परिषद उभी राहते. ही झेडपी निराळी! पण कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हे काम तिच्याकडेही आहे.

कवच होत असताना बीज उपाशी राहत नाही. भोवतालच्या पेशी या जाळ्यातून बारीक तंतू आत सोडतात आणि त्या वाटेने बीजाला पोषण पोचवतात. म्हणजे ही भिंत आहे, पण बंद भिंत नव्हे. धान्याच्या टरफलाशी तिची तुलना करता येईल. मात्र एक फरक लक्षात ठेवावा. सरकीचे टरफल परागीभवन झाल्यावर, बी भरताना तयार होते. स्त्रीबीजाचे कवच पुरुषबीज भेटण्याच्या आधीच तयार असते. अंडे फोडल्यावर कढईत पडलेला पिवळा बलक एकदम पसरत नाही, गोल राहतो, कारण त्यावर अगदी पातळ पडदा असतो. त्या पडद्याचा आतला थर आपल्या या कवचाच्याच कुळातला आहे. त्यात याच घराण्यातील प्रथिने सापडतात.

दारावरची तपासणी

आता हे कवच करते काय ते पाहू. एका वेळी कोट्यवधी शुक्रजंतू निघतात. बीजनलिकेत जेथे स्त्रीबीज असते तेथपर्यंत त्यांतील काही शेच पोचतात. वाटेतच त्यांची एक परीक्षा झालेली असते. पोचल्यावर दुसरी परीक्षा कवचाशी होते. शुक्रजंतू कवचाला चिकटला पाहिजे, त्याच्या डोक्यावरची टोपीसारखी पिशवी फुटलेली पाहिजे आणि शेपटीच्या जोरदार फटक्यांनी त्याला जाळ्यातून तिरकी वाट काढता आली पाहिजे. जो अर्धवट आहे किंवा ज्याच्या शेपटीत जोर नाही, तो बाहेरच राहतो.

दुसरे काम जातीच्या ओळखीचे. माणसाचा शुक्रजंतू उंदराच्या किंवा हॅमस्टरच्या कवचाला दाद देत नाही. पण १९७६ मध्ये हवाई विद्यापीठातील यानागिमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरच्या बीजावरचे कवच काढून टाकले, तेव्हा माणसाचे शुक्रजंतू त्या उघड्या बीजात शिरले. त्यातून जीव काही घडत नाही. परंतु इतका वेळ दार कोण अडवून धरत होते ते कळून आले. पुढे पुरुषाच्या शुक्रजंतूंची ताकद तपासण्यासाठी कित्येक वर्षे हीच चाचणी वापरली गेली. जवळच्या जातींत मात्र हे दार इतके कडक नसते. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, हे आपण पाहतोच.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि ते क्षणांचे आहे. साखर कारखान्याच्या काट्यावर एका वेळी एकच गाडी चढते. मागे कितीही रांग असली तरी. तसे स्त्रीबीजात एकच शुक्रजंतू गेला पाहिजे. दोन शिरले तर मुलाच्या पेशीत ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रे होतात आणि असा गर्भ बहुधा लवकरच पडतो. म्हणून पहिला आत शिरताच बीजाच्या कडेला दबा धरून असलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात. त्यांतून ‘ओव्हास्टॅसिन’ नावाचे विकर बाहेर येते आणि कवचातील झेडपी-२ हे प्रथिन कापते. हे कापणे उंदरावरील प्रयोगांतून २०१२ मध्ये स्पष्ट झाले. प्रथिन कापले गेले की नवे शुक्रजंतू कवचाला चिकटू शकत नाहीत, आणि कवचही घट्ट होते. ज्या दाराने एकाला वाट दिली तेच दार इतरांना बंद होते.

यानंतरही कवचाचे काम संपत नाही. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ होत असताना या सुट्या पेशींना एकत्र धरून ठेवते ते कवच. बीजनलिकेतून गर्भाशयाकडे जाण्याच्या तीन-चार दिवसांच्या प्रवासात गर्भ वाटेतच कोठे चिकटू नये, हेही ते सांभाळते. गर्भाशयात पोचल्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, गर्भ कवच फोडून बाहेर येतो आणि मग गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. राखण करणे आणि वेळ आली की वाट मोकळी करणे, दोन्ही कामे त्याचीच. कवच फुटलेच नाही तर गर्भ रुजत नाही.

कवच बिघडले तर

१९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी झेडपी-३ तयार न करू शकणाऱ्या उंदरांच्या माद्या वाढवल्या. त्यांच्या बीजांना कवचच आले नाही, आणि त्या माद्यांना पिले झाली नाहीत. २०१४ मध्ये चीनमधील एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या घरातील काही स्त्रियांना मूल होत नव्हते; तपासणीत त्यांच्या बीजांना कवच नसल्याचे आणि झेडपी-१ च्या जनुकात दोष असल्याचे आढळले. तेव्हा स्त्रीच्या बाजूने दोष असतो, हे मी नाकारत नाही. कवच फार घट्ट असू शकते, बीज वेळेवर पक्व होत नसते, नलिका बंद असू शकते. पण दार नीट असून येणारा दुबळा असेल तर? शुक्रजंतू संख्येने कमी असतील, त्यांना पोहता येत नसेल, त्यांच्या डोक्याची घडण बिघडलेली असेल, तर कवच कितीही निर्दोष असले तरी गर्भ राहणार नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण असते. कधी ते एकटेच, कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीने.

हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि वस्तीवर पाहणे वेगळे. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती. त्या काळात त्यांची सोनोग्राफी तीनदा झाली, नळ्यांची तपासणी झाली, एकदा भूल देऊन पिशवी साफ केली, दोन देवांचे नवस झाले आणि एका भगताचा अंगारा झाला. काकांची तपासणी एकदाही झाली नव्हती. वास्तविक वीर्याची तपासणी ही या सगळ्यांत सोपी. तिच्यात सुई नाही, भूल नाही, कापाकापी नाही. अखेर गेल्या वर्षी ती झाली आणि शुक्रजंतू जवळजवळ नाहीतच असे निघाले. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. काकूंच्या सासूबाईंना तो अजून कोणी वाचून दाखवलेला नाही. बारशाच्या दिवशी पाळण्याजवळ काकूंना आजही कोणी बोलावत नाही.

म्हशीच्या बाबतीत आपण असे वागत नाही, याचे मला नवल वाटते. म्हैस दोनदा उलटली तर शेतकरी डॉक्टरला विचारतो, माज नीट ओळखला का ते पाहतो, रेतन वेळेवर झाले का, रेत चांगले होते का, याची चौकशी करतो. त्यानंतर म्हशीची तपासणी. गोठ्यात जो विचार आपल्याला सुचतो तो घरात का सुचू नये?

सुईने दार उघडले

नैसर्गिकरीत्या मूल न होणाऱ्यांसाठी शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याची विद्या १९७८ मध्ये यशस्वी झाली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने ‘दुर्गा’ जन्मली. परंतु त्यांच्या कामावर तेव्हा विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आपल्या महाराष्ट्रात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांचे ते यश. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही संस्था आज राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या नावाने काम करते.

मात्र काचेच्या बशीतही शुक्रजंतूला कवच स्वतःच भेदावे लागत असे. त्यामुळे ज्यांचे शुक्रजंतू दुबळे, त्यांना या विद्येचा फारसा उपयोग नव्हता. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथील पालेर्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केसाहून बारीक काचेच्या सुईत एकच शुक्रजंतू घेऊन ती सुई कवचातून थेट बीजात घालण्याच्या पद्धतीने झालेल्या गर्भधारणा प्रसिद्ध केल्या. या पद्धतीला ‘इक्सी’ म्हणतात. दारावरची परीक्षा टाळून उमेदवाराला आत नेऊन बसवण्यासारखेच हे. वीर्यात शुक्रजंतू अगदी थोडे असलेल्या पुरुषांनाही यामुळे बाप होता येते.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोष पुरुषाचा असला तरी दहा-बारा दिवस इंजेक्शने घ्यायची ती स्त्रीने, भूल घेऊन बीजे काढून घ्यायची तीही स्त्रीने. शिवाय खासगी दवाखान्यात एका वेळचा खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि एका वेळेत यश येईलच असे नाही. कोयत्याला मिळणाऱ्या उचलीत ते बसणारे नाही. म्हणून आधी दोघांची साधी तपासणी होणे अधिक गरजेचे.

पिशवी आणि बीज

आमच्या बीड जिल्ह्यात हा विषय आणखी एका कारणाने समजून घेतला पाहिजे. येथे ‘पिशवी’ हा एकच शब्द सगळ्यासाठी वापरतात. पाळीचा त्रास झाला तर पिशवी खराब, अंगावरून गेले तर पिशवी खराब, मूल होत नाही तरी पिशवी खराब. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि पाळीमुळे खाडा पडला तर पैसे कापले जातात. या परिस्थितीत ‘काढून टाका एकदाची’ असे बाईलाच वाटू लागते.

बीज पिशवीत नसते, हे या बायकांना कोणी सांगितले होते काय? स्त्रीबीज आणि त्याचे कवच तयार होते अंडाशयात. गर्भाशय ही नंतर रुजण्याची जागा. गर्भाशय काढले आणि अंडाशय ठेवले तर मूल होत नाही, पण बीजे काही काळ पक्व होत राहतात आणि शरीराला लागणारे स्त्रीरस मिळत राहतात. अंडाशयही काढले तर तरुण वयातच पाळी गेल्याचे सारे परिणाम भोगावे लागतात. हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते. शस्त्रक्रिया कधी कधी आवश्यकच असते. पण काय काढणार आणि काय ठेवणार, हे विचारण्याइतकी माहिती प्रत्येक बाईजवळ असली पाहिजे.

कवचाचा दुसरा उपयोग

जे दार उघडल्याने मूल होते ते बंद ठेवले तर मूल टळते, हा विचारही शास्त्रज्ञांनी केला. डुकरिणीच्या बीजाचे कवच दुसऱ्या जातीच्या मादीला टोचले, तर तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती प्रतिपिंडे तिच्या स्वतःच्या बीजकवचाला जाऊन चिकटतात आणि शुक्रजंतूची वाट अडते. अमेरिकेतील अ‍ॅसाटीग बेटावरच्या रानघोड्यांवर १९८८ पासून आणि दक्षिण आफ्रिकेतील मकालाली येथील हत्तींवर २००० पासून ही लस वापरली गेली. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. सतीशकुमार गुप्ता यांनी या प्रथिनांवर दीर्घकाळ काम केले. माणसासाठी मात्र ही लस पुढे गेली नाही, कारण काही प्राण्यांत अंडाशयालाच इजा होत असल्याचे दिसले. आपल्याकडे रानडुकरे आणि हरणे उभी पिके लोळवतात. त्यांना न मारता त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा विचार निघतो, तेव्हा तोही फिरून या कवचापाशीच येतो.

शेवटी एवढेच

शेतीची उपमा मला वाईट वाटत नाही; आम्ही शेतात राबणारी माणसे आहोत. पण उपमा द्यायची तर खरी द्यावी. बी एकट्या पुरुषाचे नाही. अर्धे बी स्त्रीचे आहे, आणि ते तिच्याजवळ तिच्या जन्मापासून आहे. त्या बियाभोवती तिच्या शरीराने विणलेले कवच आहे. ते आलेल्याला पारखते, एकाला वाट देते, बाकीच्यांना थोपवते, आणि आत सुरू झालेल्या जिवाला रुजण्याची वेळ येईपर्यंत जपते. एवढे काम करणाऱ्या बाजूला नुसती जमीन म्हणणे बरे नव्हे.

माझ्या वर्गातील मुलामुलींची येत्या पाच-सहा वर्षांत लग्ने होतील. त्यांना एवढेच सांगणे आहे. वर्षभर एकत्र राहूनही दिवस राहिले नाहीत, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, दोघांनी मिळून सरकारी रुग्णालयात जावे. दोघांची नावे नोंदवावीत. पहिल्या दिवशी पुरुषाची तपासणी करून घ्यावी. ती सोपी आहे. निकाल काहीही आला तरी तो दोघांनी वाचावा, आणि घरात वडीलधाऱ्यांसमोर दोघांनी मिळून सांगावा.